साळवेबाईंची गाळणी

आमच्या लॅबमध्ये चहा होत नाही. तो खालच्या टपरीवरून येतो, साडेदहाला आणि चारला. तरीही आतल्या खोलीत, सिंकच्या वर, खिळ्याला चहाची एक स्टीलची गाळणी लटकलेली आहे. नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात तिच्याबद्दल विचारतोच. परवा एका शिकाऊ डॉक्टर मुलीने विचारलं. मी सांगायला लागलो आणि साडेदहाचा चहा दोघांचाही गार झाला. तेव्हा ठरवलं, एकदा नीट लिहूनच ठेवावं.

मी परब. राहतो डोंबिवलीत, नोकरी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञही नाही. आलेल्या नमुन्यांची नोंद ठेवायची, रिपोर्टांची नोंद ठेवायची, कुठला नमुना किती दिवसांत बाहेर पडला ते मांडायचं, एवढं माझं काम. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे बाटलीतून, न कुजू देणाऱ्या औषधात बुडवून येतो. त्याचा मेणात बसवलेला एक छोटा ब्लॉक होतो. ब्लॉकचे पातळ काप काचेवर चढतात, रंगवले जातात, आणि डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतात की कॅन्सर आहे की नाही, असला तर कुठला. पूर्वी एवढ्यावर भागायचं. आता त्याच तुकड्यातून गाठीची जनुकं तपासतात. कुठलं औषध लागू पडेल, आजार कुठल्या वेगाने जाईल, याचा अंदाज त्यावरून बांधतात. तुकडा तेवढाच राहिला, त्याच्याकडून मागण्या मात्र वाढल्या.

हे सगळं ज्या हातांतून जायचं ते हात साळवेबाईंचे. लीला साळवे. मी लागलो त्याच्या आधीपासून त्या तिथे होत्या, आणि त्यांच्याबरोबर मी अकरा वर्षं काढली. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं. इथे पेशंटचं नाव मी बदललं आहे. बाईंचं बदललेलं नाही, कारण बदललं असतं तर त्यांनी फोन करून विचारलं असतं की माझ्या नावाला काय झालं होतं.

बाईंची उंची चार फूट अकरा इंच. हे अंदाजाने सांगत नाही. त्यांच्यासाठी नवं स्टूल करून घ्यायचं होतं तेव्हा टेप मीच धरली होती. काप काढायच्या यंत्राला मायक्रोटोम म्हणतात. एका हाताने चाक फिरवायचं, ब्लॉक पात्यावरून खाली येतो आणि केसापेक्षा कितीतरी पातळ असा काप सुटतो. कापाला काप चिकटून त्याची रिबन होते. बाई ती रिबन ब्रशच्या टोकाने उचलायच्या आणि कोमट पाण्यावर सोडायच्या. पाण्यावर पडली की तिच्या सुरकुत्या जातात आणि ती सायीसारखी पसरते. मग खालून काच घालून तिला अलगद वर घ्यायचं. या वेळी बाई श्वास धरायच्या. समोर उभं राहून बघणाराही नकळत धरायचा.

काप निघत असताना पंखा बंद, कारण रिबन उडते. माझं टेबल सुरुवातीला त्याच खोलीत होतं, काउंटरशी नंतर गेलं, त्यामुळे तेव्हा दहा ते एक मीही पंख्याविना. पहिल्या वर्षी मे महिन्यात मी एकदा उठलो आणि पंखा एकवर केला.

"परब," बाई मान न वळवता म्हणाल्या, "तुमचा घाम रुमालाने पुसता येतो. हा काप उडाला तर ज्या बाईचा उडाला तिला सांगायला तुम्ही जाणार का?"

मी पंखा बंद केला. नंतरच्या दहा वर्षांत दहा ते एक तो लावायला त्या बटणाकडे हात नेला नाही.

बाई कल्याणजवळच्या मोहन्याच्या. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात, सूत काढायच्या खात्यात होते. "आमचे दादा दोरा नुसता हातात धरून बघायचेच नाहीत," बाई सांगायच्या. "खिडकीशी न्यायचे, उजेडात धरायचे. घरात उशीचा दोरा निघाला तरी तेच. आई म्हणायची, कारखान्यातून आलात ना, आता बसा." बाईंनीही ती सवय उचलली होती. कुठलीही काच डॉक्टरांकडे जायच्या आधी खिडकीशी जायची. ब्लॉकसुद्धा त्या खिडकीशी नेऊन बघायच्या. ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नव्हता.

बारावी झाल्यावर त्या लॅबमध्ये लागल्या त्या बाटल्या धुवायला. तंत्रज्ञाचा कोर्स नंतर नोकरी करत केला. त्या बाटल्या धुण्यातून गाळणी आली. तुकडा चिमट्याने काढून घेतला की बाटलीतलं औषध सिंकमध्ये ओतायचं अशी तेव्हा पद्धत. बाईंनी पहिल्याच महिन्यात पाहिलं की तळाला बारीक कण असतात, कणीसारखे, आणि ते मोरीत जातात. त्यांनी तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, हे काय असतं? ते म्हणाले, असेल रक्ताची गुठळी, नाहीतर तुकड्याचाच चुरा. बाई दुसऱ्या दिवशी घरून गाळणी घेऊन आल्या.

गाळणीत दर वेळी नवा कागद. एका पेशंटचा कण दुसऱ्याच्यात जाता कामा नये, यासाठी कागद टाकायच्या आधी आणि नंतर गाळणी उकळत्या पाण्यात. कागदावर जे राहील त्याची पुडी बांधायची आणि तिचा वेगळा ब्लॉक करायचा. मुख्य तुकड्याचा ब्लॉक क, पुडीचा ब्लॉक ख. क कपाटात जायचा. ख ब्लॉक बाई बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या आणि स्वतःच्या वहीत पेन्सिलीने लिहायच्या. आमचे दुसरे तंत्रज्ञ पाटील, बाईंहून दहा वर्षांनी लहान, त्या डब्याला 'बाईंचं भंगार' म्हणायचे.

"पाटील, भंगारवाला आधी किलोत मोजतो," बाई म्हणायच्या. "ह्याचं तुम्हाला वजनच करता येणार नाही."

पेन्सिलीचंही कारण होतं. काचा रंगवताना त्या स्पिरिटमधून आणि आणखी काही द्रवांतून जातात, आणि पेनाची शाई त्यात धुऊन निघते. पेन्सिल राहते. एकदा एका तरुण डॉक्टरने हौसेने जेल पेनने सुंदर अक्षरात एक अख्खा ट्रे लिहिला. संध्याकाळी ट्रे बाहेर आला तेव्हा अठरा काचा, अठरांवर तुकडे, आणि नाव एकावरही नाही. तो मुलगा खुर्चीतच बसला. मी मनात मोजत होतो, अठरा घरं, त्यातल्या कुणाला कॅन्सर आहे आणि कुणाला नाही हे आता कसं सांगणार. बाईंनी कपाटातून अठरा ब्लॉक काढले, एकेक काच एकेका ब्लॉकवर धरली आणि खिडकीशी गेल्या. कापाचा आकार ब्लॉकमधल्या तुकड्यासारखाच असतो. एखाद्या गावाचा नकाशा जसा दुसऱ्या गावाला बसत नाही, तसा तो दुसऱ्या ब्लॉकला बसत नाही. दीड तासात सतरा जुळल्या. अठरावी उरली म्हणून ती आपोआप उरलेल्या ब्लॉकची, असं मी म्हणालो.

"उरली म्हणून नाही," बाई म्हणाल्या. "जुळली तरच." आणि त्यांनी ती जुळवून बघितली. मग डॉक्टरांनी सगळ्यांचे काप नव्याने काढून खात्री केली. अठराच्या अठरा बरोबर.

फोनवर मात्र बाई वेगळ्या. कल्याणच्या एका लहान नर्सिंग होमने एकदा अरुंद तोंडाच्या बाटलीत गाठ पाठवली. गाठ मऊ असताना आत गेली, औषधात कडक झाली, आता बाहेर येईना. बाईंनी फोन लावला. "सिस्टर, बाटली कुठली दिली तुम्ही? हां. मग आता एक करा, इकडे या आणि काढून दाखवा. नाही, मी वाट बघते. आमच्याकडे परब बसलेत, ते वेळ लिहून घेतील." समोरच्या बाईंनी माफी मागितली असावी, कारण साळवेबाई एकदम विरघळल्या. "अगं, रडतेस काय. रुंद तोंडाची बाटली ठेव. तुकड्याच्या दहापट औषध. आणि फ्रिजमध्ये नाही घालायचं, भाजी आहे का ती." त्या नर्सिंग होमकडून पुढे आलेली प्रत्येक बाटली रुंद तोंडाची होती. हे मी तपासलं आहे.

एक गोष्ट मात्र त्या कधीच करायच्या नाहीत. पेशंट किंवा नातेवाईक काउंटरवर आले की बाई आतून बाहेर यायच्या नाहीत. सगळे पेशंट त्यांना नंबराने माहीत. "दोनशे नव्वदचं काय झालं?" असं विचारायच्या. मी म्हणायचो, त्यांचं नाव अमुक. त्या म्हणायच्या, "नाव सांगू नका. नाव कळलं की हात थरथरतो."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्यात माझी चूक आहे, आणि मी ती गाळणार नाही.

लॅबच्या भिंतीवर मी एक तक्ता लावला होता. प्रत्येक नमुना किती दिवसांत बाहेर पडला ते त्यात रंगाने दाखवायचो. चार दिवसांच्या आत हिरवा चौकोन, त्यापुढे लाल. डॉक्टरांना तो आवडायचा, बाहेरच्या हॉस्पिटलांनाही. मला तर फारच. बाईंचे लाल चौकोन बहुतेक हाडांचे असायचे. हाड तसंच कापता येत नाही, पातं मोडतं. आधी ते मऊ करावं लागतं. ते ॲसिडमध्ये ठेवलं तर एका दिवसात होतं. बाई ठेवायच्या ईडीटीए नावाच्या द्रावणात, त्याला आठवडा, कधी जास्त लागतो. रोज सकाळी सुईने टोचून बघायच्या, डाळ शिजली का बघतात तसं.

"बाई, ॲसिडने एका दिवसात होतं," मी एकदा तक्ता दाखवून म्हणालो.

"होतं ना. ॲसिड हाडही खातं आणि आतलंही खातं. काचेवर दिसायला छान दिसेल. जनुकं मागितली की रिकामं."

मी मान हलवली. लाल चौकोन तसाच राहिला आणि माझ्या डोळ्यांत खुपत राहिला.

दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला बाई नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. चार दिवसांची रजा, कधी पाचवा नाही. त्या वर्षी मुलीचं बाळंतपण वर्ध्याला होतं म्हणून तिथूनच पुढे जाणार होत्या. तीन आठवडे. निघायच्या आदल्या दिवशी कल्याणहून एक नमुना आला. क्रमांक चारशे बारा. कमरेच्या हाडात सुई घालून काढलेली बारीक कांडी. बाईंनी ती काढून घेतली, बाटली गाळली, पाटलांना म्हणाल्या, "हे ईडीटीएत घाला. आठवडा लागेल. घाई करू नका." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी मला विचारलं, "परब, हे आठ-नऊ दिवस जाणार. लाल होईल तुमचं."

"लवकर होईल का?"

"ॲसिडमध्ये उद्या संध्याकाळी."

मी म्हणालो, "मग घाला."

दोन शब्द. रिपोर्ट चौथ्या दिवशी गेला. चौकोन हिरवा झाला. कॅन्सर होता, फुप्फुसातून हाडात आलेला.

पेशंट होती ज्योती भोईर, खडवलीची, वय सेहेचाळीस. तंबाखू नाही, विडी नाही, आयुष्यभर शेतात. अशा माणसाच्या फुप्फुसाच्या गाठीत एका ठराविक जनुकात बिघाड असण्याची शक्यता चांगली असते, आणि तो असला तर केमोऐवजी रोज एक गोळी लागू पडते, पुष्कळदा झपाट्याने. म्हणून तिच्या डॉक्टरांनी आमच्याकडून ब्लॉक मागवून जनुकांच्या लॅबला पाठवला. माझ्या संगणकात एका नमुन्याला एकाच ब्लॉकची जागा होती. मीच तसा फॉर्म केला होता. त्यात क होता. क गेला.

पंधरा दिवसांनी ब्लॉक परत आला, सोबत पत्र. नमुन्यातला डीएनए तुटलेला आहे, बहुधा ॲसिडमुळे. चाचणी शक्य नाही.

बाई रजेवरून परत आल्या तो दिवस गुरुवार. हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा, नात झाली म्हणून. त्याच वेळी काउंटरवर ज्योतीताईंचे यजमान उभे होते, ब्लॉक न्यायला बोलावलेले. उंच, काळेसावळे गृहस्थ, टेम्पो चालवणारे. डॉक्टरांनी दिलेली त्या पत्राची प्रत माझ्यापुढे धरून म्हणाले, "भाऊ, ह्यात काय लिवलंय? डॉक्टर सांगतात काय कलला नाय. एवरी सुई टोचली, नि काय कलला नाय?"

मी सांगितलं की परत तुकडा काढावा लागेल.

"ती पालथी झोपू शकत नाय वो. कूस बदलली तरी ओरडते. डॉक्टर बोलले, सोमवारपासून केमो देऊन टाकू, आता थांबायला येल नाय." मग म्हणाले, "गोली असती तर बरा झाला असता. तिला सुईची लय भीती."

मी आत गेलो. बाई अजून पर्स खांद्यालाच लावून पत्र वाचत होत्या.

"ॲसिड कुणी घातलं?"

पाटील माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मी सांगितलं."

बाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. हिरवा चौकोन शोधला, सापडला, त्यावर बोट ठेवलं. मला वाटलं आता बोलतील. त्या म्हणाल्या, "चारशे बारा ना? स्टूल द्या."

स्टुलावर चढून त्यांनी वरच्या फळीवरून बिस्किटांचा डबा काढला. वही उघडली, पेन्सिलीची ओळ बघितली, आणि डब्यातून एक ब्लॉक काढून खिडकीशी गेल्या. चारशे बारा ख. बाटलीच्या तळाची पुडी. तिच्यात हाड नव्हतं, म्हणून ती ॲसिडमध्ये गेलीच नव्हती. बाईंनी जायच्या आधी ती नेहमीच्या यंत्रात चढवली होती. मेणात खसखशीच्या चार-पाच दाण्यांएवढं काहीतरी करडं होतं.

"ह्यात गाठीच्या पेशी आहेत का?" मी विचारलं.

"मला काय माहीत. रक्तच असेल. कापल्याशिवाय कसं कळणार?" पर्स त्यांनी माझ्या हातात दिली. "पंखा."

मी पंखा बंद केला. बाईंनी बर्फाच्या लादीवर ब्लॉक गार केला, पात्याला लावला. बाईंनी चाक अर्धं फिरवलं, थांबल्या, पुन्हा अर्धं. एवढ्याशा कणात चुकून चार काप वाया गेले तरी संपलं. पहिला काप आला. पाण्यावर पसरला तेव्हा तो टाचणीच्या डोक्याएवढाही नव्हता. काच घातली, उचलली. पाटील न सांगता रंगाची तयारी करून उभे होते. अर्ध्या तासात काच डॉक्टरांपुढे गेली. आमचे डॉक्टर, वय साठ, कधी घाई न करणारे, त्यांनी एका हाताने काच सरकवायला आणि दुसऱ्या हाताने पेशी मोजायच्या यंत्राचं बटण दाबायला सुरुवात केली. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. मी, बाई, पाटील, आणि दारात ज्योतीताईंचे यजमान, ज्यांना आत यायला मनाई होती आणि ज्यांना कुणी बाहेर काढलं नाही. टक, टक, टक, टक.

"रक्त आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि मधोमध एक बेट आहे. सगळं गाठीचंच. बाई, हे पुरतं."

"किती काप लागतील त्यांना?"

"दहा मागतात."

"आठ देते."

"बाई, दहा मागतात ते."

"डॉक्टर, आमची आई तांदळाचा डबा कधी पुसून काढायची नाही. मूठभर तळाला ठेवूनच वर नवे ओतायची. आठमध्ये होत नसेल तर त्यांना मला फोन करू द्या."

फोन आला नाही. आठमध्ये झालं.

अकराव्या दिवशी सकाळी रिपोर्ट माझ्या संगणकावर आला. मी तो दोनदा वाचला, नाव, वय, क्रमांक पडताळून पाहिला आणि आत धावलो. बाई काप काढत होत्या. रिबन लांब आली होती. मी दारात थांबलो. तोंडातून हवा सोडायची सोय नव्हती. रिबन पाण्यावर गेली, पसरली, काचेवर आली. चार मिनिटं.

"बोला आता," बाई म्हणाल्या. "तोंड बघा तुमचं. फुग्यासारखं झालंय."

"मिळालं. ईजीएफआर. तोच बिघाड. गोळी लागू."

बाईंनी काच खाली ठेवली. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "केमो दिली का सोमवारी?"

"नाही. डॉक्टरांनी थांबवली होती, ह्याच्यासाठी."

"मग उभे काय आहात. फोन करा ना खडवलीला."

मी फोन केला. पलीकडे दारात सुरू असलेल्या टेम्पोचा आवाज येत होता, तो बंद झाला. यजमान म्हणाले, "परत बोला." मी परत बोललो. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही, फोन बायकोकडे दिला, आणि मला तेच तिला सांगावं लागलं.

पाच आठवड्यांनी दुपारी काउंटरवर एक बाई आल्या, पेढे घेऊन. आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या अडतीस. ज्योतीताई त्या चढून आल्या होत्या, मध्ये एकदा थांबून. फोटोत डाग लहान झाले होते. "कुनी काप काडले त्यांना भेटायचा हाय," त्या म्हणाल्या. मी आत निरोप दिला. बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. पण दरवाजाला काचेची चौकट आहे. मी वळून बघितलं तेव्हा चौकटीत चष्मा होता, टाचा उचलून.

त्या संध्याकाळी निघताना बाई माझ्या टेबलाशी आल्या. मी म्हणालो, "बाई, चूक माझी होती."

"होती." त्यांनी तक्त्याकडे हात केला. "ह्यात एक रकाना वाढवा."

"कसला?"

"फुकट गेलं ते. कुठला नमुना परत काढायला लागला, कुठली चाचणी झाली नाही, आणि हाड कशात मऊ केलं होतं. तुम्ही लवकर झालेलं मोजता, परब. वाया गेलेलं मोजत नाही."

मी रकाना वाढवला. संगणकाच्या फॉर्मात ख ब्लॉकची जागा केली, आणि बाईंच्या पेन्सिलीच्या वह्यांतली प्रत्येक ओळ आठ महिने बसून चढवली. डॉक्टरांनी ते आकडे घेऊन शोधनिबंधासारखं काही लिहिलं, ॲसिडमधलं हाड आणि बाईंचं हाड यांची तुलना करून, आणि एका सभेत वाचलं. आकडे इथे देत नाही. लॅब लहान, आकडेही लहान, त्यावरून जगाला काही सांगायची माझी तयारी नाही. एवढं सांगतो की आता आमच्याकडे हाडाला ॲसिड नाही. जनुकांसाठी जाणाऱ्या हाडाचा चौकोन मी लाल करणं सोडलं. तो निळा असतो. आणि पाटील बाटल्या गाळतात. पहिल्या दिवशी त्यांनी गाळणी हातात घेतली तेव्हा बाई म्हणाल्या, "भंगार नीट बांधा हां, पाटील."

पेढे आले त्या आनंदात बाईंनी मला एकदा टोकलं होतं. मी घरी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की ज्योतीताई बऱ्या झाल्या. "बऱ्या नाही," त्या म्हणाल्या. "गोळी चालतेय. गाठ शहाणी असते, कधीतरी वाट काढते. तेव्हा परत आपल्याकडे येतील. म्हणून तर सगळं दिलं नाही, तळाला ठेवलं."

त्या आल्या बावीस महिन्यांनी. बाईंच्या निवृत्तीला आठ दिवस राहिले होते. ज्योतीताई एकट्याच होत्या, अडतीस पायऱ्या न थांबता चढून. वजन वाढलेलं, केसांत अबोलीचा गजरा. हातात डॉक्टरांचं पत्र. फोटोत एक डाग परत वाढला होता. डॉक्टरांना बघायचं होतं की गोळीला दाद न देणारा काही बदल जनुकात असला, तर तो पहिल्यापासून कुठेतरी होता की नंतर आला. त्यावर पुढचं औषध ठरणार. नवीन तपासणी रक्तातून होणार होती, पण तुलनेला जुना नमुना हवा होता.

"भाऊ," त्या हळू म्हणाल्या, "जुन्यात काय उरलाय का? डॉक्टर बोलले, नसला तर कमरेत परत सुई."

मी संगणकात बघितलं. ख ब्लॉकपुढे लिहिलं होतं, आठ काप दिले. किती राहिलं ते कुणी लिहिलेलं नव्हतं. माझ्या फॉर्मात त्याला रकानाच नव्हता. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, म्हणजे बाईंची काप काढायची वेळ. त्या वेळेत त्यांना हाक मारायची नाही हे मला अकरा वर्षांत कळलं होतं.

काचेच्या चौकटीतून बाईंनी ज्योतीताईंना ओळखलं असावं, कारण आतला दरवाजा उघडला. बाई बाहेर आल्या. काउंटरच्या या बाजूला मी त्यांना पेशंटसमोर कधी पाहिलेलं नव्हतं. हातात मोजे नव्हते, तळव्यावर ब्लॉक होता.

"चारशे बारा?" त्यांनी विचारलं.

ज्योतीताई गोंधळल्या. "मी ज्योती भोईर."

बाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. "हां," म्हणाल्या. "ज्योती. इकडे ये."

दोघी खिडकीशी गेल्या. ज्योतीताई उंच, बाई त्यांच्या खांद्याच्याही खाली. बाईंनी ब्लॉक उजेडात धरला, मग हात आणखी वर केला, तिच्या डोळ्यांसमोर येईल असा.

"हे पांढरं ते मेण. त्यात करडा ठिपका दिसतो?"

"खसखशीएवरा?"

"तोच."

"ह्याच्यावरच कलला होता सगला?"

"ह्याच्यावर एकदा झालं. आता परत होईल. नंतरही जरासा राहील."

ज्योतीताई बराच वेळ बघत राहिल्या. मग हात पुढे करून विचारलं, "हातात घेऊ?"

"घे ना. तुझाच आहे."

आत पाण्याच्या भांड्यावर बाईंनी अर्धवट सोडलेली रिबन तरंगत होती. मधूनच काम टाकून त्या उठल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. जेवायची वेळ होत आली होती, कुणीतरी आत येऊन सवयीने पंखा लावला असता. मी उठलो आणि बटणापाशी जाऊन उभा राहिलो.